जैसलमेर : सोनेरी वाळवंट आणि पाण्याचा हिशेब

राजस्थानच्या पश्चिम टोकाला, पाकिस्तानच्या सीमेला लागून असलेला जैसलमेर जिल्हा क्षेत्रफळाने त्या राज्यातील सर्वांत मोठा आहे. सुमारे ३८,४०० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुपटीहून मोठा, म्हणजे जवळजवळ अख्ख्या केरळ राज्याएवढा भरतो. पाऊस मात्र वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत जुलैतल्या एखाद्या मुसळधार दिवशी जेवढा पाऊस कोसळतो, तेवढ्यावर इथल्या माणसांनी, जनावरांनी आणि झाडाझुडपांनी वर्ष काढायचे, असा निसर्गाचा दंडक आहे.

अशा या ओसाड मुलखात दरवर्षी ऑक्टोबर ते मार्च या काळात देशविदेशातील पर्यटकांची रीघ लागते. पिवळ्या दगडाचा किल्ला, कोरीव हवेल्या, वाळूच्या टेकड्या, उंटाची सफर, मांगणियारांचे गाणे आणि सीमेवरील युद्धस्थळे ही इथली प्रमुख आकर्षणे. वरवर पाहता ती एकमेकांपासून वेगळी वाटतात. परंतु यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. ते कसे मिळवले, कसे साठवले आणि किती जपून वापरले, याचा इतिहास म्हणजेच जैसलमेरचा इतिहास होय. आणि आज या नगरीपुढे जो प्रश्न उभा आहे, तोही पाण्याचाच आहे. फरक इतकाच की, तो टंचाईचा नसून अतिवापराचा आहे.

त्रिकूट टेकडीवरील किल्ला

भाटी राजपूत घराण्यातील रावळ जैसल याने इ. स. ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. त्यापूर्वी भाटींची राजधानी जवळच्या लोद्रवा येथे होती. सभोवतालच्या सपाट माळावर सुमारे पाऊणशे मीटर उंच उठलेली ही टेकडी, तिच्यावर पिवळ्या वालुकाश्माची दुहेरी तटबंदी आणि ९९ बुरूज अशी किल्ल्याची रचना आहे. सकाळी मधासारखा आणि सूर्यास्ताच्या वेळी तापलेल्या सोन्यासारखा दिसणारा हा दगड पाहूनच त्याला ‘सोनार किल्ला’ हे नाव मिळाले. सत्यजित राय यांनी १९७१ मध्ये याच नावाची कादंबरी लिहिली आणि १९७४ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. तेव्हापासून बंगाली पर्यटकांच्या दृष्टीने जैसलमेर जणू तीर्थक्षेत्रच बनले.

अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ अशा चार दरवाजांतून चढत पर्यटक दशहरा चौकात पोहोचतो. समोर राजवाडा आणि त्याच्या मागे अरुंद गल्ल्यांचे जाळे. या गल्ल्यांतून थोडे आत गेले की जैन मंदिरांचा समूह लागतो. बाराव्या ते सोळाव्या शतकांत उभी राहिलेली ही मंदिरे दिलवाड्याच्या शैलीशी नाते सांगतात. त्यांच्या तळघरातील ज्ञानभांडारात ताडपत्रांवरील आणि कागदावरील दुर्मीळ हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. वाळवंटातील कोरडी हवा हे या जपणुकीचे एक कारण म्हटले पाहिजे.

किल्ल्यात जैसलू नावाची जुनी विहीर आहे. श्रीकृष्णाने अर्जुनाची तहान भागवण्यासाठी सुदर्शनचक्राने ती खोदली, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिकेतला इतिहास किती, हा प्रश्न वेगळा. मात्र राजधानीची जागा ठरवताना आधी पाण्याचा दाखला शोधावा लागतो, ही या मुलखाची रीत तीतून स्पष्ट होते.

जैसलमेरच्या किल्ल्याचे वैशिष्ट्य असे की, तो जिवंत आहे. देशातील बहुतेक किल्ले आज ओस पडले आहेत. इथे मात्र काही हजार माणसे आजही तटबंदीच्या आत राहतात, दुकाने चालवतात, पूजाअर्चा करतात. २०१३ मध्ये ‘युनेस्को’ने राजस्थानातील सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला, त्यांत चितोडगड, कुंभलगड, रणथंभोर, गागरोन आणि आमेर यांच्याबरोबर जैसलमेरचाही समावेश झाला.

पाण्याने पोखरलेला पाया

हा किल्ला रणगाड्यांच्या आणि तोफांच्या युगातही टिकून राहिला, परंतु नळाच्या पाण्यापुढे तो हतबल ठरू लागला आहे. पूर्वी किल्ल्यातील रहिवाशांना पाणी खालच्या तलावावरून डोक्यावर वाहून आणावे लागे. साहजिकच घागरभर पाण्यात घराचा दिवस निघे आणि सांडपाणी जवळजवळ नसेच. इमारतींची आणि गटारांची रचनाही क्वचित पडणारा पाऊस चटकन बाहेर जावा, एवढ्याच हिशेबाने केलेली होती.

पुढे घरोघरी नळ आले. पर्यटकांची संख्या वाढली, तशी जुन्या घरांची अतिथिगृहे झाली. प्रत्येक खोलीला न्हाणीघर आणि शौचालय जोडले गेले. वापरलेल्या पाण्याचा काही भाग गळक्या वाहिन्यांतून टेकडीच्या पोटात मुरू लागला. या टेकडीच्या खडकात मऊ, चिकणमातीसारखे थर आहेत. ओल धरली की ते फुगतात, सरकतात आणि वरच्या भिंतींना तडे जातात. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही बुरूज ढासळले. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९६ मध्ये जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचा समावेश केला. त्यानंतर सांडपाण्याच्या नव्या वाहिन्या, तटबंदीची डागडुजी, जुन्या घरांचे जतन अशी कामे झाली. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये झालेल्या अतिवृष्टीत तटबंदीचा एक भाग कोसळला आणि धोका टळलेला नाही, याची सर्वांना आठवण झाली.

म्हणूनच किल्ला पाहावा, त्याच्या गल्ल्यांतून मनसोक्त हिंडावे, पण मुक्काम किल्ल्याबाहेर करावा, असा सल्ला वारसाप्रेमी अनेक वर्षांपासून देत आले आहेत. याला दुसरी बाजूही आहे. किल्ल्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ याच अतिथिगृहांवर चालतो. ती सर्व बंद केली, तर जिवंत किल्ला हे त्याचे वैशिष्ट्यच संपुष्टात येईल. माणसे राहिली पाहिजेत आणि भिंतीही टिकल्या पाहिजेत, अशी ही कोंडी आहे.

व्यापाऱ्यांच्या हवेल्या

भारतातून सिंध, इराण आणि मध्य आशियाकडे जाणारे उंटांचे तांडे जैसलमेरहून जात. मसाले, अफू, रेशीम आणि सुका मेवा यांच्या या व्यापारावर संस्थान जकात घेई आणि व्यापारी गब्बर होत. त्या संपत्तीची साक्ष खालच्या शहरातील हवेल्या देतात. गुमानचंद पटवा या व्यापाऱ्याच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या पाच हवेल्यांचा समूह ‘पटवों की हवेली’ म्हणून प्रसिद्ध आहे. दगडाला लाकडासारखे कोरून काढलेले तिचे सज्जे आणि जाळ्या पाहताना वेळेचे भान राहत नाही. या जाळ्यांचे काम केवळ शोभेचे नाही. बारीक छिद्रांतून आत येणारा वारा घर थंड ठेवतो आणि उन्हाचा मारा बाहेरच अडतो.

१८८५ मध्ये पूर्ण झालेल्या नथमल हवेलीची कथा मनोरंजक आहे. हाथी आणि लालू या दोघा कारागीर भावांनी तिची एकेक बाजू घडवली. दोन्ही बाजू प्रथमदर्शनी सारख्या भासतात, बारकाईने पाहिले की निराळ्या निघतात. सालिमसिंह या दिवाणाची हवेली तिच्या मोराच्या आकाराच्या कमानींमुळे लक्ष वेधून घेते.

या वैभवाला उतरती कळा लागली, त्यात मुंबईचाही वाटा आहे. ब्रिटिश अमदानीत समुद्रमार्गे होणारा व्यापार वाढला, मुंबई बंदर भरभराटीला आले आणि उंटांचे तांडे ओसरू लागले. १९४७ च्या फाळणीने सिंधकडे जाणारे उरलेसुरले मार्गही बंद केले. अनेक व्यापारी कुटुंबे स्थलांतरित झाली, हवेल्यांना कुलुपे लागली. पुढे पर्यटनाने या शहराला पुन्हा उभे केले, हे विसरून चालणार नाही.

गडीसर : नगराची घागर

शहराच्या आग्नेयेस गडीसर तलाव आहे. चौदाव्या शतकात रावळ गडसी याने त्याची नव्याने उभारणी केली. पावसाचे पाणी दूरवरच्या उतारांवरून वळवून इथे आणले जाई. नळयोजना येईपर्यंत शतकानुशतके हाच शहराचा मुख्य आधार होता. काठावरील छत्र्या, घाट आणि मंदिरे पाहता पाण्याविषयीचा आदर इथे स्थापत्यात कसा उतरला, हे कळते. तलावाच्या प्रवेशद्वाराला ‘तीलों की पोळ’ म्हणतात. तीलों नावाच्या गणिकेने ते बांधले. गणिकेने उभारलेल्या दारातून जाणे राजघराण्याला कमीपणाचे वाटू लागल्यावर तिने दारावर कृष्णमंदिर बांधून घेतले आणि त्यामुळे ते पाडता आले नाही, अशी कथा आहे.

आज गडीसरवर नौकाविहार चालतो, हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. पंजाबमध्ये सतलज आणि बियास नद्यांच्या संगमावरील हरिके बंधाऱ्यापासून निघणारा, सुमारे साडेसहाशे किलोमीटर लांबीचा इंदिरा गांधी कालवा या जिल्ह्यापर्यंत आला आणि त्याचे पाणी या तलावालाही मिळू लागले. एकेकाळी ज्या तलावाच्या पाणलोटात घाण करणे हा अपराध मानला जाई, त्या तलावाला आता हिमालयाचे पाणी पुरवले जाते. काळाचा हा बदल गडीसरच्या घाटावर बसून अनुभवता येतो.

कुलधरा आणि खडीन

शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर कुलधरा हे ओसाड गाव आहे. आखीव रस्ते, छपरे गेलेली दगडी घरे आणि मधोमध मंदिर अशा या गावाला ‘भुताचे गाव’ म्हणून बरीच प्रसिद्धी मिळाली. पालीवाल ब्राह्मणांच्या ८४ गावांपैकी हे एक. दिवाण सालिमसिंहाची गावातील एका मुलीवर वाईट नजर पडली, तेव्हा सर्व गावांनी एका रात्रीत स्थलांतर केले आणि जाताना शाप दिला, अशी दंतकथा आहे. अभ्यासकांच्या मते मात्र विहिरी आटणे, करांचा जाच आणि व्यापाराची घसरण यांमुळे गावे हळूहळू रिकामी होत गेली असावीत.

भुताखेतांच्या गोष्टींत पालीवालांचे खरे कर्तृत्व झाकोळून जाते. ‘खडीन’ ही त्यांनी विकसित केलेली शेतीपद्धती. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी सखल जमिनीवर मातीचा लांब बांध घालून अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि पाणी ओसरल्यावर त्या ओलीवर गहू आणि हरभरा पेरायचा. वर्षभरात जेमतेम काही पावसाचे दिवस असलेल्या प्रदेशात सिंचनाशिवाय रब्बीचे पीक निघते, ते या युक्तीमुळे. आजही जैसलमेर परिसरात अनेक खडीन वापरात आहेत आणि चांगला पाऊस झाला की हिवाळ्यात वाळवंटाच्या मधोमध हिरवेगार शेत पाहायला मिळते.

याच परिसरात ‘बेरी’ ही आणखी एक व्यवस्था आढळते. वाळूखाली असलेल्या जिप्समच्या थरामुळे पावसाची ओल खालच्या खाऱ्या पाण्यापर्यंत जात नाही, वरच अडून राहते. अरुंद खड्डा खणून ती ओल थेंबाथेंबाने गोळा करायची, म्हणजे बेरी. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या हिंदी पुस्तकातून या साऱ्या ज्ञानाची ओळख देशाला करून दिली. कुलधऱ्याला जाणाऱ्या पर्यटकाने आसपासचा एखादा खडीन पाहिला, तर त्या ओसाड घरांचा अर्थ अधिक उलगडेल.

वाळूच्या टेकड्या आणि उंटाची सफर

जैसलमेरचा बराचसा भाग खडकाळ आणि मुरमाड माळांचा आहे. चित्रपटांत दिसणारे वाळूचे धोरे, म्हणजे टेकड्या, पाहण्यासाठी पश्चिमेस सुमारे ४२ किलोमीटरवरील सम किंवा नैर्ऋत्येस सुमारे ४५ किलोमीटरवरील खुडी इथे जावे लागते. समच्या धोऱ्यांवर सूर्यास्त पाहण्यासाठी गर्दी उसळते. उंटाची सवारी, जीपने चढउतार, हवाई छत्रीची सफर, चारचाकी वाळूगाड्या, रात्री तंबूंच्या वसाहतीत नाचगाणे आणि जेवण असा इथला सर्वसाधारण कार्यक्रम असतो. ज्यांना गजबज नको, त्यांच्यासाठी खुडी अधिक योग्य. तिथे गावातील मातीच्या घरांत उतरता येते आणि टेकड्यांवर शांतता मिळते.

खऱ्या अर्थाने वाळवंट अनुभवायचे तर उंटावरून एक-दोन दिवसांची सफर करावी. पहाटे निघायचे, ऊन चढले की खेजडीच्या सावलीत थांबायचे, दुपार टळल्यावर पुन्हा वाट धरायची आणि रात्री उघड्यावर झोपायचे. शहरातल्या माणसाने बहुधा कधी न पाहिलेले ताऱ्यांनी गच्च भरलेले आकाश इथे दिसते. खेजडी म्हणजे महाराष्ट्रात दसऱ्याला जिचे स्मरण होते ती शमी. तिच्या शेंगांना इथे ‘सांगरी’ म्हणतात. केर म्हणजे नेपतीची फळे. दोन्ही वाळवून ठेवायची आणि वर्षभर भाजीला वापरायची. प्रसिद्ध ‘केर-सांगरी’ हे पाणी आणि हिरव्या भाज्या यांच्या टंचाईतून जन्मलेले पक्वान्न आहे. दाल-बाटी-चुरमा, बाजरीची भाकरी आणि जैसलमेरचे घोटुआ लाडू यांचाही आस्वाद घ्यावा.

या सफरींचा आधार असलेला उंट मात्र वेगाने कमी होत आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते, २०१९ मध्ये ही संख्या अडीच लाखांवर आली. शेतीला ट्रॅक्टर आला, वाहतुकीला मालमोटारी आल्या, चराऊ कुरणे आक्रसली. राजस्थान सरकारने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू घोषित केले, तरी उंट पाळणे परवडत नाही, ही राईका पशुपालकांची व्यथा कायम आहे. पर्यटकांची सवारी हे आता उंटाच्या मोजक्या उपयोगांपैकी एक उरले आहे. त्यामुळे जनावराची स्थिती पाहून, घाई न करता आणि वाजवी मोबदला देऊन केलेली सफर ही उंटवाल्याला खरी मदत ठरते.

मांगणियारांचे सूर

समच्या तंबूंत रात्री जे गाणे ऐकू येते, ते बहुधा मांगणियारांचे असते. मांगणियार हे मुस्लिम वंशपरंपरागत गायक-वादक. त्यांचे यजमान प्रामुख्याने हिंदू राजपूत आणि इतर जमीनदार घराणी. यजमानाच्या घरी जन्म असो, लग्न असो वा मृत्यू, मांगणियाराने गायचे आणि यजमानाने त्याचा योगक्षेम चालवायचा, असा पिढ्यांचा करार. कृष्णाची भजने, सूफी कलाम आणि पावसाच्या आळवणीची गाणी एकाच कंठातून ऐकायला मिळतात. चामड्याने मढवलेले, गजाने वाजवायचे कमायचा हे त्यांचे खास वाद्य. त्याला खडताल, ढोलक आणि मोरचंग यांची साथ असते. जैसलमेरजवळच्या हमीरा गावचे कमायचावादक साकर खाँ यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली.

पर्यटकांसमोर होणाऱ्या कार्यक्रमांत चित्रपटगीतांची फर्माईश अनेकदा होते आणि कलावंत ती नाइलाजाने पुरीही करतात. त्याऐवजी एखादे पारंपरिक गीत ऐकवण्याची विनंती केली, तर कलावंताची कळी खुलते आणि ऐकणाऱ्याच्या पदरीही काही पडते.

माळढोकचे अखेरचे आश्रयस्थान

जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत ३,१६२ चौरस किलोमीटरवर पसरलेले मरु राष्ट्रीय उद्यान १९८० च्या सुमारास अस्तित्वात आले. इथे झाडी दाट नाही, वाघ-बिबटेही नाहीत. सेवण गवताची कुरणे, चिंकारा, वाळवंटी कोल्हा, सांडा, गिधाडे आणि हिवाळ्यात येणारे शिकारी पक्षी ही इथली संपत्ती. या सर्वांत मोलाचा आहे गोडावण, म्हणजेच माळढोक.

महाराष्ट्राला हा पक्षी परका नाही. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरासाठी १९७९ मध्ये खास माळढोक अभयारण्य जाहीर झाले होते. तिथे तो आता क्वचितच दिसतो. देशभरात मिळून निसर्गात दीडशेहून कमी माळढोक उरल्याचा अंदाज आहे आणि त्यांतील बहुसंख्य जैसलमेर परिसरात आहेत. मादी साधारणतः वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. शरीराने जड असलेल्या या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही. त्यामुळे उडताना विजेच्या तारांवर आदळून त्याचा मृत्यू ओढवतो. या प्रदेशात सौर आणि पवन ऊर्जेचे मोठे प्रकल्प उभे राहिले, तसा तारांचा हा धोका वाढला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकच्या अधिवासातील विजेच्या तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये त्या आदेशात बदल करून तज्ज्ञ समिती नेमण्यात आली. स्वच्छ ऊर्जा हवी आणि पक्षीही वाचायला हवा, अशी ही किल्ल्यासारखीच दुसरी कोंडी.

आशेची गोष्ट अशी की, २०१९ मध्ये सम येथे माळढोकचे कृत्रिम प्रजनन केंद्र सुरू झाले. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्माला आले आणि केंद्रांतील पक्ष्यांची संख्या आता पन्नासच्या पुढे गेली आहे. उद्यानात जायचे तर वन विभागाची परवानगी घ्यावी, ठरवून दिलेल्या वाटा सोडू नयेत आणि पक्ष्यामागे वाहन दामटू नये. दुरून, दुर्बिणीतून दिसला तरी भाग्य समजावे.

आकल, लोद्रवा आणि सीमेकडची वाट

बाडमेर रस्त्यावर सुमारे १७ किलोमीटरवर आकल येथे जीवाश्म उद्यान आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची खोडे इथे दगड होऊन पडली आहेत. सर्वांत मोठे खोड सुमारे १३ मीटर लांब आहे. आज जिथे गवताची काडी कष्टाने उगवते, तिथे एकेकाळी उष्ण, दमट हवामानातील घनदाट अरण्य होते, याचा हा पुरावा. १९७२ मध्ये या स्थळाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

वायव्येस १५-१६ किलोमीटरवर भाटींची जुनी राजधानी लोद्रवा आहे. तिथले पार्श्वनाथाचे जैन मंदिर सतराव्या शतकाच्या आरंभी पुन्हा बांधले गेले. वाटेतील बडा बाग येथे राजघराण्यातील व्यक्तींच्या स्मृत्यर्थ उभारलेल्या छत्र्या आहेत. त्यांच्या मागे फिरणाऱ्या पवनचक्क्यांमुळे जुना आणि नवा काळ एकाच चौकटीत दिसतो.

उत्तर-पश्चिमेस सुमारे १२० किलोमीटरवर तनोट मातेचे मंदिर आहे. १९६५ च्या युद्धात मंदिर परिसरात पडलेले तोफगोळे फुटले नाहीत, अशी श्रद्धा असून न फुटलेले काही गोळे इथे जतन केले आहेत. मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहते. जवळच लोंगेवाला आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली पंजाब रेजिमेंटच्या सुमारे १२० जवानांनी पाकिस्तानी रणगाड्यांना इथे रात्रभर थोपवून धरले. उजाडताच जैसलमेरहून हवाई दलाची विमाने आली आणि वाळूत अडकलेल्या रणगाड्यांची दाणादाण उडाली. मोडके रणगाडे आजही तिथे उभे आहेत. जोधपूर रस्त्यावर २०१५ मध्ये उघडलेल्या युद्धसंग्रहालयात या लढाईची साद्यंत माहिती मिळते.

केव्हा आणि कसे जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वोत्तम. दिवसा ऊन सुखद असते, रात्री मात्र कडाका पडतो. त्यामुळे गरम कपडे जवळ हवेत. एप्रिल ते जून या काळात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा जाणे टाळावे. माघ शुद्ध त्रयोदशी ते पौर्णिमा असे तीन दिवस मरु महोत्सव भरतो. फेटा बांधणे, मिशांची स्पर्धा, उंटांच्या शर्यती आणि लोकसंगीत यांनी तो गाजतो. या दिवसांत मुक्कामाची व्यवस्था बरीच आधी करावी लागते.

महाराष्ट्रातून रेल्वेने किंवा विमानाने जोधपूर गाठून पुढे सुमारे २८५ किलोमीटरचा रस्ता किंवा रेल्वेप्रवास करणे सोयीचे. हिवाळी हंगामात जैसलमेरलाही विमाने उतरतात. किल्ला, हवेल्या आणि गडीसर यांसाठी एक दिवस, कुलधरा, खडीन आणि सम किंवा खुडी यांसाठी दुसरा, तर तनोट आणि लोंगेवाला यांसाठी तिसरा दिवस राखावा. आकल, लोद्रवा आणि मरु उद्यान यांसाठी चौथा दिवस काढता आला तर उत्तम. लोंगेवाला आणि तनोट येथे भारतीय पर्यटकांना सहज जाता येते. तिथून पुढे सीमास्तंभापर्यंत जाण्यासाठी मात्र सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते. ओळखपत्र, टोपी आणि पिण्याचे पाणी सोबत असू द्यावे.

प्लास्टिकच्या बाटल्या वाळूत टाकू नयेत, हे वेगळे सांगायला नको. वाऱ्याने सरकणारी वाळू त्या झाकून टाकते, कुजवत मात्र नाही. मुक्कामी न्हाणीघरात बादलीभर पाण्यात अंघोळ उरकली, तर कोणाचे काही बिघडत नाही. याच मुलखात लोक शतकानुशतके त्याहून कमी पाण्यात राहिले, त्याच हिशेबाने त्यांनी सोन्यासारखा किल्ला उभारला आणि साडेआठशेहून अधिक वर्षे तो सांभाळला. पाहुण्यांनी तेवढा हिशेब पाळला, तर पुढच्या पिढ्यांनाही हा किल्ला पाहता येईल.